कोकणच्या दमट हवेत मसूर: आणायचा कसा, टिकवायचा कसा, मोड, आमटी आणि जमलं तर कुंडीत लागवड

मसूर हे आपल्याकडचं पीक नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. भात कापला की शेतात जी ओल उरते तिच्यावर आपण वाल, पावटा, कुळीथ, चवळी करतो आणि मसूर मात्र दुकानातून आणतो. दुकानात तो येतो मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडून, आणि बराचसा तर कॅनडा नि ऑस्ट्रेलियातून बोटीत बसून येतो. तरी कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात बघा, वाल-कुळथाच्या डब्यांच्या बाजूला मसुराचा डबा असतोच. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळत नाही आणि मिळाली तर भाव विचारायची सोय नाही, तेव्हा रोज करायचं काय हा प्रश्न असतो. वालाचं बिरडं चांगलंच, पण ते सोलत बसायला टाइम कुणाला आहे, काळे वाटाणे रात्रभर भिजवून पण कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावतात, मसूर मात्र आयत्या वेळी पण होतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण-वांग्याबरोबर मसूर पण बंद, त्यामुळे अशा घरांत मसुराची खरी चंगळ जूनमध्ये. बाकीच्यांना काही अडचण नाही.

आता एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, मग पुढच्या सगळ्या स्टेप्स आपोआप कळतील. मसूर मूळचा तुर्कस्तान-सीरियाच्या बाजूच्या कोरड्या मुलखातला, तिथे माणूस तो साधारण दहा हजार वर्षांपासून पिकवतोय. त्याला थंडी चालते, थोडी पाण्याची ओढ चालते, पण दमट हवा आणि साचलेलं पाणी बिलकुल चालत नाही. आणि आपल्याकडे नेमकं तेच भरपूर. म्हणजे डबा असो, मोड असोत की कुंडी, सगळीकडे भांडण एकाच गोष्टीशी आहे, ओलसरपणाशी. नेटवरचे मोड काढायचे बरेचसे व्हिडिओ कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात, ते बघून इथे जुलैत मोड काढायला गेलात की बुळबुळीत लगदा हातात येतो.

आणताना काय बघायचं

मोड काढायचे किंवा पेरायचं असेल तर अख्खा, सालासकट मसूर घ्या, तपकिरी-करड्या रंगाचा, बारीक ठिपके असलेला. केशरी दिसते ती डाळ म्हणजे तोच मसूर साल काढून, बहुतेक वेळा फोडून. मलका म्हणून मिळतो तो साल काढलेला पण न फोडलेला, दिसायला गोल गरगरीत, शिजायला मस्त, पण त्याच्या मोडांची आशा ठेवू नका, साल काढताना अंकुराला धक्का लागलेला असतो.

अख्ख्या मसुरात पण दोन प्रकार दिसतात, बारीक दाण्याचा आणि मोठा चपटा. बारीक दाणा हा आपल्या देशातला जुना प्रकार, चवीला मला तोच आवडतो आणि मोड पण एकसारखे येतात. मोठा दाणा उसळीत दिसतो छान पण त्याचं साल जरा जाड लागतं. दाणे मुठीत घेऊन बघा, चकचकीत असावेत, सुरकुतलेले नकोत. दाण्यावर पांढरे बारीक टिपके चिकटलेले दिसले, टाचणीच्या टोकाएवढे, तर ती भुंग्याची अंडी आहेत, ते पाकीट तसंच परत ठेवा. गोल भोक पडलेला दाणा दिसला तर भुंगा आतून खाऊन बाहेर पण पडला, मग तर विचारूच नका.

डाळीचा रंग फारच भडक वाटला तर पांढरा कापूस ओला करून दाण्यांवर घासा. कापूस केशरी झाला तर रंग लावलेला आहे. डाळ धुताना पाणी थोडं गढूळ, पांढरट होणं नॉर्मल, रंगीत होणं नाही.

आगोटीला भरून ठेवताना

मे महिन्यात आपण आगोटीची, म्हणजे पावसाळा लागायच्या वेळेची, बेगमी करतोच, मिरच्या, कोकमं, सुकी मासळी, त्यातच हे पण उरकून घ्यायचं. मसूर सुपात घेऊन पाखडा, खडे-माती निवडा आणि कडक उन्हात दोन दिवस पातळ पसरून वाळवा. वाळवल्यावर लगेच गरम गरम डब्यात भरायचा नाही, सावलीत पूर्ण गार होऊ द्यायचा, नाहीतर झाकणाला आतून घाम सुटतो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. दाणा नीट वाळला की नाही हे बघायला दाताखाली धरून चावा, कटकन आवाज येऊन फुटला तर झाला, नुसता दबला तर अजून एक दिवस ऊन.

मग किलोला एक-दोन चमचे एरंडेल घेऊन हाताने सगळ्या दाण्यांना चोळा. आजीच्या काळातली युक्ती, पण त्यामागे कारण आहे, तेलाच्या थरामुळे भुंग्याला दाण्यावर अंडी घालता येत नाहीत आणि घातली तरी ती जगत नाहीत. वापरताना कोमट पाण्याने दोनदा धुतलं की तेल जातं. ज्यांना एरंडेलाचा वास चालत नाही त्यांनी सरळ फ्रीजरचा मार्ग धरा, घट्ट पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात, मग बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्ण नॉर्मल होऊ द्या आणि नंतर डब्यात. लवकर उघडलीत तर बाहेरची दमट हवा गार दाण्यावर पाणी होऊन बसते.

डब्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा असेल तर खडखडीत वाळलेला टाका, ओला नको. आणि पावसात ओल्या हाताने डब्यात वाटी घालायची सवय घरातल्या सगळ्यांची मोडायला लागते, हे सगळ्यात कठीण काम आहे.

मोड कसे काढायचे

एक वाटी मसूर घ्या, चार-पाच माणसांना उसळ होते. दोन-तीन पाण्याने धुवा, वर तरंगणारे दाणे काढून टाका, ते आतून पोकळ असतात. भरपूर पाण्यात भिजत घाला. थंडीत आठ-दहा तास लागतात, मे-जूनच्या उकाड्यात सहा तासात काम होतं. त्यापेक्षा जास्त ठेवायचं नाही, पाण्यावर बुडबुडे दिसायला लागले म्हणजे आंबायला सुरुवात झाली समजा. मूग नि मटकीपेक्षा मसुराला भिजायला कमी वेळ पुरतो.

भिजल्यावर एकदा हात फिरवून गणंग काढा. गणंग म्हणजे ते हट्टी दाणे, जे भिजत पण नाहीत आणि शिजत पण नाहीत, जेवताना बरोबर पाहुण्यांच्या दाताखाली येतात. भिजलेल्या दाण्यांत ते लगेच ओळखू येतात, कारण बाकीचे फुगलेले असतात आणि हे तसेच बारीक, टणक.

आता इथेच कोकण आणि घाटावरचा देश वेगळे होतात. कोरड्या हवेत फडक्यात घट्ट गाठोडं बांधून डब्यात बंद करून ठेवतात, कारण तिथे ओल टिकवायची असते. आपल्याला उलट हवा द्यायची आहे. त्यामुळे बांबूची रोवळी असेल तर बेस्ट, नसेल तर भोकाभोकाची चाळण घ्या, पाणी पूर्ण निथळू द्या, अगदी पंधरा-वीस मिनिटं तशीच तिरकी ठेवा. मग दाणे रोवळीत पसरा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको, वर पातळ सुती पंचा ओला करून घट्ट पिळून झाका. रोवळीखाली एखादं भांडं ठेवा पण रोवळीचा तळ पाण्याला लागता कामा नये. जागा कुठली, तर ओट्याचा कोपरा चालतो, गॅसच्या अगदी जवळ नको.

दर पाच-सहा तासांनी दाणे गार पाण्याखाली धरून परत निथळा. मोड येताना दाणे गरम होतात, ढिगात हात घालून बघा, आतून ऊब लागते, त्या उबेत आणि आपल्या दमट हवेत जंतूंची मजा होते. खळबळून धुतलं की ऊब पण जाते आणि चिकटपणा पण. कोंबाची टोकं पावसाळ्यात बारा ते सोळा तासात बाहेर येतात, डिसेंबर-जानेवारीत पूर्ण दिवस किंवा थोडं जास्त.

उसळीसाठी मोड अर्धा सेंटिमीटर झाला की थांबा. लांब शेपट्या फोटोत चांगल्या दिसतात पण शिजल्यावर त्या गळून पडतात आणि दाण्याचा गोडवा पण कमी होतो. लगेच करायचं नसेल तर कोरड्या फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपा आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये, दोन दिवस आरामात राहतात. आंबूस वास आला किंवा बोटाला तार लागली तर टाकून द्या, धुऊन वाचवायच्या भानगडीत पडू नका. आणि एक, आपल्या हवेत काढलेले मोड कच्चे खाऊ नका, निदान लहान मुलांना, गरोदर बाईला आणि वयस्कर माणसांना तर नाहीच. पाच-सात मिनिटं वाफवून मग काय ती कोशिंबीर करा.

मसुराची आमटी, वाटप घालून

मोड आलेले मसूर दोन-अडीच वाट्या. वाटपासाठी एक मोठा कांदा उभा चिरून, अर्धी वाटी ओलं खोबरं, तेवढंच सुकं खोबरं, पाच-सहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, चमचाभर धणे, चार मिरी, दोन लवंगा. फोडणीला एक कांदा बारीक चिरून, हिंग, हळद, दीड-दोन चमचे मालवणी मसाला, आणि शेवटी तीन-चार कोकमं, मीठ, सुपारीएवढा गूळ.

आधी वाटप. कढईत थोड्या तेलावर धणे-मिरी-लवंग परतून बाजूला काढा, मग कांदा टाका आणि घाई करू नका. कांदा आधी पाणी सोडतो, मग मऊ पडतो, मग कडा तांबूस होतात, इथपर्यंत सगळेच थांबतात, त्याच्या पुढे अजून दोन-तीन मिनिटं पाहिजेत, पूर्ण कांदा तपकिरी होऊन गोडसर वास सुटेपर्यंत. मग सुकं खोबरं, ते लालसर झालं की ओलं खोबरं, लसूण-आलं, आणि ओल्या खोबऱ्याचा ओलेपणा जाऊन ते सुटं झालं की गॅस बंद. गार करून कमीत कमी पाण्यात मिक्सरला लावा, पाटा-वरवंटा असेल आणि हातात दम असेल तर प्रश्नच नाही.

टोपात तेल, हिंग, बारीक कांदा, हळद, मसाला. मसाला करपू नये म्हणून लगेच मसूर टाका, दोन मिनिटं परता, मग गरम पाणी दाण्याच्या वर दोन बोटं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्या. मोडाचे मसूर दहा-बारा मिनिटांत शिजतात, म्हणून कुकर नको, एका शिट्टीत पण त्यांचा गाळ होऊ शकतो. दाणा बोटात दाबला की आतून लोण्यासारखा दबला पाहिजे पण साल शाबूत पाहिजे. आता वाटप, मीठ, गूळ, आणि सगळ्यात शेवटी कोकमं, पाच मिनिटं उकळी, झालं.

कोकम शेवटीच का, तर आंबट पदार्थात दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो, आधी घातलं तर अर्धा तास शिजवून पण मसूर कचकचीत राहील. तीच गोष्ट चिंचेची, टोमॅटोची, कैरीची. मीठाबद्दल पण असंच सांगतात, पण मिठाने तेवढा फरक पडत नाही. खरा फरक पडतो पाण्याने. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतं, काही बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे डाळी शिजतच नाहीत आणि दोष बिचाऱ्या दुकानदाराला. अशा वेळी प्यायला आणलेलं गोडं पाणी वापरा. सोडा टाकायचा मोह आवरा, चवीची आणि ब-१ जीवनसत्त्वाची वाट लागते.

सुक्याची आवड असणाऱ्यांसाठी, सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, असतील तर मूठभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पिळून फोडणीतच कांद्याबरोबर परता. मग त्या दिवशी मासळीची आठवण येत नाही, निदान जेवेपर्यंत तरी. बरोबर तांदळाची भाकरी किंवा घावणे, आणि उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी पावाबरोबर. दुसऱ्या दिवशीच जास्त चांगली लागते हे माझं ठाम मत आहे.

मोड नाहीत, वेळ पण नाही, तेव्हा

अख्खा मसूर न भिजवता थेट कुकरला तीन शिट्ट्या, उघड्या टोपात साधारण अर्धा तास. जुना माल असेल तर त्याहून जास्त, कारण दाणा जेवढा जुना तेवढा तो हट्टी. केशरी डाळ तर पंधरा-वीस मिनिटांत शिजते. ती शिजल्यावर केशरी रंग जाऊन पिवळी होते, नवीन करणारे लोक घाबरतात, घाबरायचं काही नाही. वर फेस येतो तो प्रथिनं, स्टार्च असल्या गोष्टींचा, पळीने काढा नाहीतर राहू दे, फक्त कुकरमध्ये शिट्टीत अडकतो म्हणून पाण्यात थेंबभर तेल टाका आणि कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. लसणीची चरचरीत फोडणी, ओली मिरची, वरून खोबरं, आणि मे महिना असेल तर डाळ शिजल्यावर कैरीच्या दोन फोडी, बास.

पोषणाचं थोडक्यात. कोरड्या १०० ग्रॅम मसुरात साधारण २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजल्यावर दाण्यात पाणी शिरतं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ती ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा असतो, एवढं लक्षात ठेवलं की फसगत नाही. लोह आणि फोलेट पण चांगलं आहे, आणि त्यातलं लोह अंगी लागायला जेवताना वरून लिंबू पिळा. डाळीत जे एक अमिनो आम्ल कमी असतं ते भातात असतं आणि भातात कमी ते डाळीत, म्हणजे आपलं आमटी-भाताचं जेवण त्या बाबतीत एकदम बरोबर आहे. किडनीचा किंवा युरिक अॅसिडचा त्रास असेल तर किती खायचं ते डॉक्टरला विचारा.

कुंडीत लावून बघायचा असेल तर

पोतं भरायची स्वप्नं बघू नका, पण झाड बघण्यासारखं आहे. गुडघ्याएवढं सुद्धा नाही, नाजूक, पिसासारखी बारीक पानं, पानाच्या टोकाला वेलासारखा एक छोटा ताणा, आणि फुलं एवढीशी, पांढरी, त्यावर निळसर रेषा. शेंग चपटी, नखाएवढी, आत दाणे फक्त एक किंवा दोन. एका शेंगेत दोनच दाणे हे पहिल्यांदा सोलून बघितलं की डाळीच्या भावाबद्दल तक्रार करायची इच्छा कमी होते.

पेरायचं दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेला आणि पहाटे गारवा लागायला लागला की, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उशीर केलात तर फेब्रुवारी-मार्चचा उकाडा ऐन शेंगा भरायच्या वेळेला येतो आणि फुलं गळतात. बी म्हणून दुकानातला अख्खा मसूर चालतो, आधी दहा-बारा दाण्यांचे मोड काढून बघा, बहुतेकांना आले तर तो माल पेरायच्या लायकीचा.

आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी आणि मसुराला ते आवडत नाही. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू आणि वर मूठभर चुलीतली राख, राखेने आंबटपणा थोडा मरतो. वाळू नदीची घ्या, किनाऱ्यावरची अजिबात नको, त्यातल्या मिठाने रोपं जळतात. कुंडी आठ-दहा इंचाची, खाली भोकं मोकळी, तळाला खापऱ्या. दाणे दोन-तीन सेंटिमीटर खोल, चार बोटांवर एक.

मसुराच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, हे वाल-चवळीत पण होतं. पण मसुराचे जिवाणू वेगळे, ते वाटाण्याला चालणारे आहेत, वाल-कुळथाचे नाहीत. म्हणून वाल केलेल्या शेतातली माती आणून फायदा नाही. कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं, म्हणजे याच जिवाणूंचं, पाकीट मागताना मसूर किंवा वाटाण्यासाठीचं आहे का विचारा, गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. महिनाभराने एक रोप उपटून गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आठवड्याभरात रोपं वर येतात. चवळी-मुगासारखी दोन जाड दलं वर येत नाहीत, ती जमिनीतच राहतात, त्यामुळे कोंबडीने शेंडा टोचून नेला तरी खालून परत फुटवा येतो. कोंबड्या असतील तर हे होणारच आहे. पाणी फक्त वरची बोटभर माती सुकली की, आणि ते पण सकाळी, बुडाशी. संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं नाही, रात्रीचं दव आणि धुकं आधीच पुरेसं असतं आणि त्यातूनच तांबेरा येतो, पानाखाली गंजासारखे ठिपके दिसले की ती पानं तोडून लांब टाका. मावा आला तर साध्या पाण्याची जोरात पिचकारी, मग दोन दिवसांनी निंबोळी अर्क. युरिया वगैरे देऊ नका, पाला माजतो आणि शेंगा धरत नाहीत.

शेतात करून बघायचं डोक्यात असेल तर बिहार-बंगालची एक पद्धत ऐकून ठेवा, तिकडे भात कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी उभ्या भातातच ओल्या मातीवर मसूर फोकतात, म्हणजे हाताने विखरून टाकतात, भात कापेपर्यंत तो उगवलेला असतो, नांगरणीच नाही. उतेरा किंवा पैरा म्हणतात. आपल्याकडे मात्र मळा खोलगट असेल आणि पाणी साठत असेल तर हा प्रयोग नको, मुळं कुजतात. मोठ्या क्षेत्रावर करायचंच असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारून मगच पैसे घाला, आणि ते तुम्हाला वाल नि कुळीथ करायचा सल्ला देतील तर रागावू नका.

साडेतीन-चार महिन्यांनी खालच्या शेंगा तपकिरी होतात आणि हलवल्यावर खुळखुळतात. सगळ्या वाळायची वाट बघितलीत तर खालच्या तडकून दाणे मातीत जातील, म्हणून बऱ्याचशा तपकिरी झाल्या की सकाळच्या दवात, शेंगा नरम असताना, अख्खं झाड कापा. कापडावर दोन-तीन दिवस वाळवून काठीने हलकेच बडवा, सुपात पाखडा. कुंडीतून निघतील थोडेसेच दाणे, त्यातले पुढच्या वर्षीच्या बियाला पण ठेवा. वरचा पालापाचोळा गुरं-शेळ्या आवडीने खातात आणि मुळं कुंडीतच राहू द्या, त्याच मातीत फेब्रुवारी-मार्चमध्ये माठ किंवा मुळा टाका.